शिवणाची खोली

पहिला हशा कंदिलावरून झाला.
गेममध्ये तो तिच्या डाव्या हातात, पडद्यावर उजव्या.
"डावा गे बाये, डावा!" पुढून कुणीतरी ओरडलं
आणि पणजीतलं अर्धं थिएटर हसलं.
काळ्या टी-शर्टांतली पोरं तेवढी हसली नाहीत.
त्यांनी चार वर्षं वाट पाहिली होती.
आम्ही वीस.

रुझार माझ्या शेजारी,
बोटीवरून सुट्टीला आलेला,
अंगाला अजून परक्या साबणाचा वास.
त्याचा अंगठा मांडीवर हलत होता:
पुढे, पुढे, थांब, मागे वळ.
नटाने ऐकलं नाही.
तो आपला आपण जिना चढला,
आपला आपण घाबरला,
आमच्या वाटणीला काहीच ठेवलं नाही.

चोडणला सिप्रियानच्या दुकानामागे तीन कॉम्प्युटर होते,
तासाला पंधरा रुपये,
वीज गेली की भूतही जायचं.
एकेक दार उघडायला अकरा सेकंद.
मशीन म्हातारं होतं, एवढंच;
आम्हाला वाटायचं, पलीकडे कुणीतरी तयारी करतंय.
त्या अकरा सेकंदांत मी माशेलच्या देवकीकृष्णाला
आणि रुझारने सां बार्थोलोमेवला
काय काय कबूल केलं, ते अजून फिटलेलं नाही.
सिनेमात दार लाथेने उघडलं.

तेही चाललं असतं.
पण ती खोली नव्हतीच.

दुसऱ्या मजल्यावरची, शिवणयंत्राची.
पिवळा बल्ब. अर्धा शिवलेला झगा.
पायडल दाबलं की तिथवरचं सगळं साठवलं जायचं,
आणि कंदीलवाली उंबऱ्याशी येऊन परत फिरायची.
का, ते गेममध्ये कुठेच सांगितलेलं नाही.
नियम तसा.

ज्या मे महिन्यात रुझारचा बाप
कुवेतहून कायमचा परत आला आणि ताटं फोडू लागला,
त्या महिन्यात रुझार रोज त्या खोलीत जाऊन उभा राहायचा.
खेळायचा नाही. नुसता यंत्रापाशी उभा.
"पैसे का जाळतोस रे, खेळ तरी," सिप्रियान म्हणायचा.
"खेळतोय," रुझार म्हणायचा.
बाजूच्या स्टुलावर मी,
त्याच्याच पैशांत बसलेला.

दिग्दर्शकाला तरी काय बोलणार?
दोन तासांचा हिशेब त्याचा,
त्या खोलीत घडतं काय, तर काहीच नाही.
काहीच न घडण्याचे पैसे कोण देतं?

सुटल्यावर पायऱ्यांवर पोरं चुका मोजत होती.
कंदील, बूट, धुक्याचा रंग,
तिचं वाकणं, जे म्हणे फारच लवकर झालं.
मी उगाच रेंगाळलो.
हेल्मेटचा पट्टा लावता लावता एक किडकिडीत मुलगी
कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली,
"शिवणयंत्र कुठे गेलं?"
तिला काहीतरी सांगावंसं वाटलं.
तोवर तिची स्कूटर सुरू झाली होती.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट उभी.
दोन मोटारसायकली, मासळीच्या रिकाम्या टोपल्या, आम्ही.
साखळी करकरली, फळी वर गेली,
डोक्यावर एकच पिवळा बल्ब.
मांडवी मध्ये आली की पाठीमागून कुणी येत नाही,
पुढचंही अजून पोचलेलं नसतं.

रुझारचा फोन वाजला. त्याने वाजू दिला.
"बाप जागा असेल," म्हणाला.
मग थोड्या वेळाने,
"आता घरात ताटं प्लास्टिकची आहेत."

समोर खारफुटीचा काळोख रुंद होत गेला.
त्याचा अंगठा रेलिंगवर थांबला होता.
इंजिन मंदावलं, खलाशाने साखळी सोडली,
फळी हळूहळू खाली यायला लागली
आणि मी न ठरवता मोजत होतो,
आठ,
नऊ,
दहा.