चार बोटं

नाना पेठेच्या मागं बर्फाचा कारखाना होता.
अण्णा तिथं डबे भरायचे,
वरून चार बोटं सोडून.
नवा पोऱ्या काठोकाठ भरायला लागला की म्हणायचे,
आरं, पाणी बसताना वाढतंय,
जागा न्हाई दिली तर पत्रा फाडंल.

घरीही तेच.
तांब्या गळ्यापर्यंतच भरायचा,
खाटेवर कडेला टेकायचं,
आणि मी दहावी झाले तेव्हा डोक्यावर ठेवायला उचललेला हात
केसांच्या वर चार बोटं थांबला,
मग सदऱ्याचं बटण चाचपत खाली गेला.

मी आता सातवी ब ला विज्ञान शिकवते.
रात्री स्टीलच्या ग्लासात पाणी गोठवलं, एक बोट सोडून.
सकाळी ते काठाला आलं होतं.
फाटकाजवळच्या भाजीवाल्या मावशींचा काटा मागून आणला.
प्रार्थना झाल्यावर वजन : चारशे बारा ग्रॅम.
फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहिलं, आणि विचारलं,
वितळल्यावर किती?

घटणार, रेहान बागवान म्हणाला.
त्याच्या वडलांची सरबताची गाडी आहे,
सकाळची लादी संध्याकाळी कुठं जाते
हे त्यानं रोज पाहिलेलं.
मी म्हटलं, ती गटारात जाते रे, नाहीशी होत नाही.

मग शिकवलं ते असं :
बर्फात पाण्याचे कण एकमेकांचे हात धरतात,
पण कोपर ताठ ठेवून,
कवायतीच्या तासाला तुम्ही अंतर घेता तसे.
वितळले की कोपर ढिलं पडतं, जवळ सरकतात.
जागा कमी लागते.
पटावर मुलं तेवढीच.

बाहेर ऑगस्टची भुरभुर, खिडक्या लावलेल्या.
शेवटच्या तासाला पाणी एक बोट खाली.
काट्यावर चारशे पंधरा.

बाई, वाढलं!
बाकं वाजली. शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.
मी काट्याला दोष दिला,
ग्लास उचलला, शून्य केलं, परत ठेवला.
पंधराच.
पुढच्या बाकावरची चैत्राली ढमढेरे हळूच म्हणाली,
बाई, ग्लास बाहेरून रडलाय.

फडक्यानं पुसला.
चारशे बारा.

हे पुस्तकात नव्हतं, तरी सांगितलं :
गार भांड्याला हवेतली वाफ येऊन चिकटते.
कुठली वाफ? रेहान म्हणाला.
तुझीच, म्हटलं.
त्रेचाळीस जणांचे दिवसभराचे श्वास,
त्यातले तीन ग्रॅम.
वर्ग हसला, आणि मग एकेक जण
नाकापुढं तळहात धरून बघायला लागला.

मी मात्र काट्याकडं बघत राहिले.

अण्णा गेले तेव्हा काका विजापूरहून यायचे होते.
कारखान्यानं चार लाद्या पाठवल्या, पैसे घेतले नाहीत.
चाळीतली सगळी रात्रभर त्या खोलीत बसून,
गुडघ्याला गुडघा लागलेला,
बोलणं कमी.
पाणी उंबऱ्यावरून बोळात चाललेलं,
मी खराट्यानं वाट करून देत होते.

पहाटे अण्णा चार बोटं खाली आले होते.
कपाळावर पाणी.
मला वाटलं, लादीचं उडालं असेल.
टॉवेलनं स्वच्छ पुसून टाकलं, दोनदा,
कारण ते परत येत होतं.
उचलताना मोहोळकर म्हणाले,
एवढासा माणूस, आणि जड किती.

घंटा झाली. मुलं गेली.
मावशींचा काटा पोचवायचा होता,
त्यांची संध्याकाळची गिऱ्हाइकं सुरू झाली असतील.
फळ्यावरचे दोन्ही आकडे ठेवले.
फडकं ओलं होतं.
नळाखाली पिळायला गेले,
आणि पिळलं नाही.
घडी करून जेवणाच्या डब्यात घातलं,
झाकण लावलं.