दार अर्धं उघडं

भायखळ्याच्या पुलाशेजारी आमचं चर्च.
बावीस वर्षं तिथलं रविवारचं वाचन माझं होतं.
म्हणजे शब्द देवाचे, पण आवाज माझा.
म्युनिसिपल शाळेचा निवृत्त हेडमास्तर मी,
'ळ'च्या जागी 'ल' म्हणणाऱ्याला
कधी सोडलं नाही,
पाळकसाहेबांनासुद्धा नाही.
उपासना सुटली की पायरीवर रेंगाळायचो,
छत्री शोधतोय असं दाखवत,
कुणीतरी म्हणेपर्यंत :
"सर, आज अंगावर काटा आला."
मग मी बोट वर करायचो. सगळं त्याचं, म्हणायचो.
आणि बोट वर करण्याची ती माझी ढब
मला फार आवडायची.

मार्चमध्ये जे.जे.त घशातली गाठ काढली.
आवाज गेला नाही, उरला,
करपलेला तवा उलथन्यानं खरवडावा
तसा.

माझ्या जागी उभी राहिली सुवार्ता शिरसाठ.
वय सतरा. आई माझगावला बोंबील विकते.
पोरगी बोलताना अडखळते, हे सगळ्यांना ठाऊक,
तरी तिलाच उभं केलं.
मी शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून,
खरं सांगतो, तिच्या चुका मोजायला बसलो.
पाचव्या ओळीपर्यंत सात झाल्या.
मग ती थांबलीच.
"न... न..."
बाहेर पुलावर बेस्टची बस खाकरली.
डोक्यावरचा पंखा कुरकुरत एक फेरा फिरला.
"न..."
कुणी हसलं नाही. कुणी शब्द पुरवला नाही.
मला येत होता तो.
शेकडो वेळा म्हटला होता,
शेवटच्या अक्षरावर किंचित खाली उतरत,
घंटेचा नाद विरावा तसा.
ती मात्र त्याच्या उंबरठ्यावर उभी होती,
ओढणी मुठीत धरून,
आत येऊ का, असं विचारत असल्यासारखी.

"नम्र," ती म्हणाली अखेर.

आणि मी तो शब्द ऐकला.
बावीस वर्षं मी
फक्त माझा 'म्र' ऐकत आलो होतो.

त्या रविवारी पायरीकडे गेलो नाही.
मागच्या खोलीत गेलो, मोरीपाशी,
फिलिपभाऊ प्रभुभोजनाचे पेले धुतो तिथे.
अंगठ्याएवढे काचेचे पेले, ताटंच्या ताटं,
तळाशी द्राक्षरसाचा एकेक सुकत आलेला थेंब.
"हात लावू?"
तो सरकला. नळाला धार करंगळीएवढी.
"किती वर्षं करताय हे?"
"एकतीस."
"आडनाव काय हो तुमचं?"
तो हसला. "हजेरी घेताय काय, सर?"
मग पेला विसळत म्हणाला, "लोखंडे."
एकतीस वर्षं. माझ्या आवाजाच्या अलीकडे,
एका भिंतीपलीकडे,
लोखंडे.

कविता इथे संपवली असती
तर मी पुन्हा जिंकलो असतो.
पण दाराचं सांगायला हवं.
दार मी अर्धं उघडं ठेवलं होतं.
जाता-येता लोकांना दिसावेत
कोपरापर्यंत भिजलेले हेडमास्तर.
सावली पडली की पेला जरा उजेडात धरायचो,
मान थोडी जास्त झुकवायचो.

फिलिपभाऊनं पाहिलं की नाही, देव जाणे.
ओल्या हातानं त्यानं मागे न वळताच
दार लोटलं, कडी घातली.
"कबुतरं शिरतात," म्हणाला.

हातात बेचाळिसावा पेला होता.
मी मोजत होतो,
हेही तेव्हाच कळलं.
प्रभो, आकडा विसरव,
म्हणालो त्या खरवडलेल्या आवाजात.
फिलिपभाऊला वाटलं फडकं मागतोय.
त्यानं दिलं.
मी पुढचा पेला उचलला,
त्रेचा...
पुढचा.