एकोणीस आटे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घड्याळ काढा,
अकरा वाजून दहा मिनिटांचं.
बाबालालनं गोल काढला. चांगला काढला.
आकडे नाहीत, काटे नाहीत,
मधोमध एक दांडा, आणि खाली:
‘एकोणीस आटे. सावकाश.’

बाईंना काय ठाऊक,
तो उत्तरेश्वरातल्या चौकातला व्हॉल्व्ह होता.
पहाटे तीनला खड्ड्यात उतरून
बत्तीस वर्षं यानं तो फिरवला
आणि मी वर बॅटरी धरून उभा.
एकदम उघडलास तर जुनी लाइन फुटती, म्हणायचा,
पाण्याला बी अंदाज द्यायला लागतोय.

फिल्मवर पांढरे ठिपके होते,
रंकाळ्यावर धुकं तुटक तुटक बसतं तसे.
बारीक नळ्या, बाई म्हणाल्या, मेंदूत आत आत जाणाऱ्या.
वर्षानुवर्षं दाब जास्त, भिंती जाड, तोंडं अरुंद.
मला समजावू नका, म्हणालो,
शेवटच्या गल्लीत पाणी का चढत नाही
हे मला ह्याच माणसानं शिकवलंय.

मोठी लाइन चालू आहे. नाव, गाव, नमाज, चहात किती साखर,
सगळं येतं धो धो.
टेलची घरं आधी कोरडी पडली:
गॅस बंद केला का,
नातीचं लग्न झालंय का व्हायचंय,
आणि सुरू केलेलं वाक्य
न्यायचं होतं कुठं.

गोळी दिली होती की. सत्त्याण्णव साली, सीपीआरमध्ये.
महिनाभर घेतली. मग,
‘कुठं काय दुखतंय? दुखत न्हाई त्याला औषध कसलं?’
रस्ता वरून कोरडा, म्हणजे खाली गळती नाही,
असं, सळई कानाला लावून
जमिनीतलं पाणी ऐकणारा माणूस
स्वतःपुरतं मानत राहिला.
मीही कधी म्हटलं नाही, उस्ताद, घे.

आता संध्याकाळी त्याला चालवत नेतो,
अर्धा रंकाळा.
वाळलेली गल्ली परत ओली होत नाही,
पण शेजारच्या वाचतात म्हणे.
खणीजवळ तो थांबतो. माझं मनगट धरतो,
पाना धरावा तसं,
आणि माझं नाव न आठवता सांगतो:
‘हितं प्रेशर लई हाय. कमी कर.’

शर्टाच्या खिशात सकाळची गोळी आहे माझी,
पाकिटात तशीच.
समोर एवढं तळं, प्यायला घोट नाही.
भेळवाल्याकडं तांब्या मागितला.