घटक पहिला, दोन गुण

एप्रिलात दुपारी दोननंतर
कुठलाच इतिहास शिकवू नये, निदान नागपुरात.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसती गरम हवा फेकतोय,
आणि मी, तासिका तत्त्वावरची,
बर्डीच्या या दुसऱ्या मजल्यावरून
अटलांटिक ओलांडते आहे
एकशे दोन प्रवाशांना घेऊन.

फळ्यावर लिहिलंय :
घटक पहिला. पार्श्वभूमी. टीप लिहा.
म्हणजे एका अख्ख्या खंडाची माणसं,
त्यांनी टोपल्यांनी माती वाहून उभारलेली टेकाडं,
मका, घेवडा, भोपळा
एकाच आळ्यात लावायची त्यांची रीत,
शेकडो भाषा.
दोन गुण.
घटक दुसरा. आगमन. पंधरा.

मी सांगते, जहाजाच्या आधी साथ पोचली होती.
शेतं साफ केलेली, जमिनीत पुरलेली मक्याची पेवं तशीच,
आणि गावात माणूस नाही.
उतरलेले म्हणाले, देवानं
आमच्यासाठी जागा मोकळी करून ठेवली.
मुलं उतरवून घेतात. 'मोकळी'खाली
कुणीतरी रेघ मारतं.

मग एक झेरॉक्स फिरवते. जमिनीचं खरेदीखत.
एका बाजूला वेलांट्या घेत गेलेल्या सह्या,
दुसऱ्या बाजूला एक धनुष्य,
पक्ष्यासारखं काहीतरी,
आणि कासव.

तिसऱ्या बाकावरची सोनबती नेताम,
देवलापारकडची, गिट्टीखदानला खोली करून राहणारी,
वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती.
"मॅडम, हे कासव काऊन काढलं?"
सही आहे ती, म्हटलं. कुळाची खूण.
"आमचंबी कासवच हाये. आमी मारत नाई त्याले."

कुणीतरी हसलं. मी घाईनं गोष्टीकडे वळले :
तिकडे म्हणतात, आधी सगळं पाणीच होतं,
एकेक प्राणी बुडी मारून रिता वर आला,
शेवटी एक उंदराएवढा जीव मरून तरंगला,
त्याच्या मुठीत चिखल होता.
तो कासवाच्या पाठीवर ठेवला. तीच पृथ्वी.

"आमच्यात गांडूळ होतं," ती म्हणाली.
"माती त्याच्या पोटात होती.
खेकड्यानं मान दाबली तवा ओकलं."
आता सगळेच हसले. ती नाही.
बसची वेळ सांगावी तशी पुढे म्हणाली,
"आज्याचं गाव धरणात हाये, तोतलाडोहच्या.
पाणी उतरलं का विहिरीचा काठ दिसते.
कागदावर आज्याले कासव काढता येत होतं,
पण सायेब म्हणे, अंगठाच पायजे."

तास संपल्याची घंटा झाली. पुढचा घटक राहिला.

संध्याकाळी झिरो माइलशी उभी होते.
चार घोडे, दगडी खांब, धूळ.
इथूनच म्हणे सगळी अंतरं मोजली.
शून्य रोवायला आलेल्याला
आधीचे आकडे पुसावे लागत असतील का,
की नुसतं दिसत नसेल त्याला?
हे शहर एका गोंड राजानं वसवलं,
तेही आमच्याकडे पार्श्वभूमीतच येतं.
ऑटोवाला म्हणाला, बसता का बाई,
मी बसले.

चाचणीचे पेपर आले. सोनबतीनं
टीप लिहिली चार ओळींची, शुद्धलेखन वाईट,
आणि खाली निळ्या पेनानं कासव.
पाठीवर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक ठिपका,
एक पाय समासाबाहेर गेलेला.

समासाबाहेरचं तपासू नये, अशी सूचना आहे.

मी दोन दिले.
त्याहून जास्त देता येत नाहीत.