दहा किलो

टोकियो मला पाठ आहे,
पाहिलेलं मात्र नाही एकदाही.
एकतीस हिवाळे खोक्यांवर पत्ते लिहिले मी:
नेरिमा, आदाची, एदोगावा, इताबाशी,
जाड काळ्या पेनानं,
हाताचं लाकूड झालेलं असलं तरी अक्षर वळणदार.
कोण आंबटगोड मागतं,
कोण मधाळ गाभ्यासाठी वर्षभर थांबतं,
कुणाला हल्ली डागाळलेलं फळही चालतं,
हे मी सांगू शकते.
स्टेशनातून बाहेर कसं पडायचं, ते नाही.

भाची मिचिरु जेवणाच्या टेबलावर
रेल्वेचा नकाशा पसरते.
मला वाटलं, भरतकामाची उलटी बाजू.
"मावशी, ही हिरवी रेघ गोल फिरते.
डोळा लागला तरी हरवणार नाहीस,
पुन्हा तिथेच येशील."
त्या शहराचं आजवर एवढंच मला आवडलंय.

फेब्रुवारीतला मंगळवार धरलाय.
छाटणी इसाकू बघेल,
शिडी धरायला कुणी नाही
म्हणून फक्त खालच्या फांद्या, असं बजावून ठेवलंय.
बूट कोणते घालू?
तिकडे बर्फ नसतो म्हणे, रस्ते कोरडे.
गुडघ्याएवढे रबरी बूट पाहून लोक हसतील का?
मिचिरु म्हणते, तिथे कुणी कुणाकडे बघत नाही.
धीर द्यायला म्हणाली ती.
मला रात्रभर तेच आठवत राहिलं.

कारण मी जातेय ती कुवाबाराबाईंकडे.
इताबाशी, मग आकडे, पुन्हा आकडे, शेवटी चारशे दोन.
दर नोव्हेंबरला मुत्सु, दहा किलो.
पैसे भरायच्या चिठ्ठीवर दोन ओळी यायच्या:
यंदा साल पातळ होती.
वादळाचं वाचलं, झाडं उभी आहेत ना?
एका वर्षी नुसतंच:
आता मी एकटी, तरी दहाच पाठवा.

गेल्या नोव्हेंबरात काही आलं नाही.
फोन वाजत राहतो.
मी टाकलेलं पत्र परत आलेलं नाही,
म्हणजे दार तरी असावं.

इसाकू म्हणाला, गिऱ्हाईक आहे, नातलग नव्हे.
खरंय. चेहराही ठाऊक नाही.
तिनं दार उघडलंच, तर मी काय म्हणणार?
"मी सफरचंदं" एवढंच तोंडातून निसटेल.
आणि दुसऱ्याच कुणी उघडलं तर
तेवढंही नाही.

मिचिरुनं फोनवर इमारत काढून दाखवली,
कुठल्याशा उन्हाळ्यातला फोटो.
मळकट पिवळी, चार मजली,
वरच्या गॅलरीत एक टॉवेल, कुणाचा ते कळत नाही.
मी बोटांनी फोटो मोठा केला.
बाहेरून चढणारा लोखंडी जिना दिसला.
"लिफ्ट?"
मिचिरुनं बराच वेळ शोधलं.
नाही.

चौथा मजला.
माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रुमालात बांधून तीन फळं न्यायची ठरली होती.
मी कोठारात गेले, खोकं उचललं,
तांदळाचा तूस पसरला,
एकेक पुसून, देठ खाली करून भरलं.
"मावशी, अगं तीन गाड्या बदलायच्यात!"
बदलू.

दोरी बांधून झाली
तशी सवयीनं पत्त्याची चिठ्ठी पुढे ओढली,
पेनाचं टोपण काढलं.
मग पुन्हा लावलं.