दहापर्यंत

परेरा मॅडम म्हणाल्या,
तिला काय हवंय ते तुम्हाला आधीच कळतं,
हीच तर अडचण आहे.
झाकण घट्ट लावा. बरणी द्या तिच्या हातात.
मग मनात दहापर्यंत मोजा आणि गप्प बसा.

मी आणि गप्प!
दिवसभर वीजबिलाच्या खिडकीत
पुढचे या, सुट्टे द्या, पुढचे या.

चेंबूर, घाटला गावातली खोली, दुसरा मजला.
शर्वी बरणी पुढे करते. शंकरपाळे.
एक, दोन.
खाली भंगारवाला ओरडत जातो,
त्याचा एक शब्द धड लागत नाही
तरी माणसं रद्दी घेऊन उतरतात.
पाच.
ती माझं बोट उचलून झाकणावर ठेवते.
बोटाला सगळं समजतं. त्याला म्हणते, लाकूड हो.
आठ. तिचे ओठ हलतात, मिटतात.
दहा.
मी झाकण उघडते.

रात्री भांडी घासून येते तर
ती बाहुलीसमोर बरणी धरून बसलेली,
हूं नाही, चूं नाही.
बाहुलीला वेळ देतेय.
मग बाहुलीच्या वतीने, अगदी हळू,
"दे."

मी दारात, ओल्या हातांनी मोजत.
सहावर होते.