पान एकोणीस

किसुमूच्या कॉलेजात कॅन्टीनचं तिसरं टेबल डुगडुगायचं.
कुणीतरी वार्षिक अंकाच्या चार घड्या करून
पायाखाली सारल्या होत्या.
मी तिथे ताटं विसळायचे. सतरा वर्षांची.
छापलेलं ते परीक्षेचं, एवढंच ठाऊक.

सुट्टीत फरशी पुसताना तो अंक ओढला.
टेबल कललं, मीठदाणी घरंगळली,
पान एकोणीस उघडलं:
ओ. ओदेरा, दुसरं वर्ष, रसायनशास्त्र.

त्याची आई तळ्याकाठी ओमेना वाळवते,
सुईएवढे मासे, जाळीवर, दिवसभर,
आणि रात्री तिच्या हातांना

इथे टेबलाच्या पायाने पाडलेलं गोल भोक.
शब्द गेलेला.

हातांना काय? वास येतो?
तो माझ्या आईच्याही येतो, त्यात काय लिहायचं.
भांडी घासता घासता शब्द लावून पाहिले,
काही सैल, काही चक्क खोटे.
गुरुवारी ‘दिसतं’ बसला
आणि हातातलं ताट फुटता फुटता राहिलं.

बावीस वर्षांनी ओदेरा भेटला
मासळीबाजारात, काट्यापाशी,
चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
विचारलं, तर हसला. “मी? कविता?”
मग बराच वेळ रिकाम्या पारड्याकडे बघत राहिला.
“नाही गं आठवत. तू काय घातलंस?”

सांगितलं.
त्याने ते माझ्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं,
मासे बांधून दिले, सुटे पैसे मोजले,
पावती द्यायची मात्र विसरला.